मन, भाषा आणि संगणक एकत्र शिकायचंय? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीच्या मुलांसाठी वाटाड्या

"ताई, मला सायकॉलॉजी आवडते, भाषेचंही वेड आहे, आणि कॉम्प्युटर सोडवत नाही. हे तिन्ही एकत्र कुठं शिकवतात का?" बारावीची आणि बीएच्या शेवटच्या वर्षाची मुलं हा प्रश्न मला सारखा विचारतात. शिकवतात. त्या विषयाला कॉग्निटिव्ह सायन्स म्हणतात, मराठीत संज्ञान विज्ञान. मी चिकोडी तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर बेळगावात मानसशास्त्र घेऊन बीए आणि मग परराज्यात जाऊन संज्ञान विज्ञानात एमएससी. आपल्या भागात ही वाट फारशी कुणी चाललेलं नसल्यामुळे माहिती तुकड्यातुकड्यांनी मिळते, आणि निम्मी चुकीची असते. म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढलं.

१. आधी विषय ओळखा

माणूस लक्षात कसं ठेवतो, कुणी व्याकरण न शिकवता दोन वर्षांचं पोर वाक्यं कशी बोलायला लागतं, वाचताना डोळा कुठं थबकतो, आणि यातलं यंत्राला किती जमेल, असे प्रश्न या विषयात येतात. ११ सप्टेंबर १९५६ रोजी अमेरिकेत एमआयटीमध्ये झालेल्या बैठकीला या शास्त्राचा वाढदिवस मानतात. तिथे एकाच दिवशी नुएल आणि सायमन यांनी तर्कशास्त्रातली प्रमेयं सिद्ध करणारा संगणक प्रोग्रॅम मांडला, चॉम्स्कीने व्याकरणाची प्रारूपं मांडली आणि मिलरने अल्पकालीन स्मृतीच्या मर्यादेबद्दल सांगितलं. संगणक, भाषा आणि मन एका छताखाली आले ते असे. पुढे तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि मेंदूविज्ञानही त्यात जोडलं गेलं.

हा विषय काय नाही, तेही आत्ताच समजून घ्या, कारण घरी हाच गोंधळ होतो. ही पदवी घेऊन तुम्ही समुपदेशक किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असलेला वेगळा अभ्यासक्रम करावा लागतो. रुग्णांसोबतच काम करायचं असेल आणि बारावी विज्ञान असेल, तर म्हैसूरच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंगमधला वाचा-श्रवण उपचाराचा पदवी अभ्यासक्रम बघा. भाषा आणि मेंदू दोन्ही त्यात येतात आणि नोकरीची वाट सरळ आहे. संशोधनाची किंवा भाषा-तंत्रज्ञानाची ओढ असेल तर पुढे वाचा.

२. पदवीचं नाव वाचून फसू नका, विषयांची यादी मागा

हाच अभ्यासक्रम एका ठिकाणी संज्ञान विज्ञान या नावाने मिळतो, दुसरीकडे संगणकीय भाषाविज्ञान म्हणून, तिसरीकडे न्यूरल अँड कॉग्निटिव्ह सायन्स म्हणून. उलट काही खासगी इंजिनिअरिंग कॉलेजं साध्या कॉम्प्युटर सायन्सच्या नावापुढे 'कॉग्निटिव्ह' लावतात आणि आत ना मानसशास्त्र असतं ना भाषाविज्ञान. कुठल्याही पत्रकाची पहिली पानं सोडा आणि सेमिस्टरवार विषयांचा तक्ता उघडा. प्रयोगरचना, संख्याशास्त्र, भाषाविज्ञान, प्रोग्रॅमिंग आणि स्मृती-अवधान यांवरचा एखादा विषय, एवढं त्यात असलं तर पुढे जा.

बारावीनंतर लगेच जायचं असेल तर माझ्या मते देशातला सगळ्यात चांगला पर्याय ट्रिपल आयटी हैदराबादचा. तिथे पाच वर्षांत कॉम्प्युटर सायन्समधलं बीटेक आणि कॉम्प्युटेशनल लिंग्विस्टिक्समधलं संशोधन-एमएस अशा दोन पदव्या मिळतात. संगणन आणि मानव्यविद्या यांची अशीच जोडपदवीही तिथे आहे. प्रवेश त्यांच्या स्वतःच्या यूजीईई परीक्षेतून होतो, जेईईतून नाही. इथे आपल्याकडची मुलं दोनदा चकतात. एक म्हणजे, ही संस्था जोसात (जेईईवरून आयआयटी, एनआयटीच्या जागा वाटणारी सामायिक प्रक्रिया) येतच नाही, त्यामुळे जेईईच्या पर्यायांच्या यादीत ती शोधत बसू नका. दुसरं म्हणजे धारवाडची ट्रिपल आयटी वेगळी. ती २०१५ची संस्था जोसातून भरते आणि घराजवळ आहे, पण हा जोड अभ्यासक्रम तिथे नाही. नावं सारखी म्हणून एकीचा फॉर्म भरून दुसरीची वाट बघणारी मुलं मी पाहिली आहेत.

पदवीनंतरचे पर्याय जास्त आहेत, आणि आपल्या बहुतेकांसाठी खरा रस्ता हाच:

अलाहाबाद विद्यापीठाचं बिहेवियरल अँड कॉग्निटिव्ह सायन्सेस केंद्र २००२ पासून चालू आहे, या विषयातलं देशातलं जुनं घर.
आयआयटी गांधीनगरला संज्ञान विज्ञानातलं दोन वर्षांचं एमएससी आहे. कला शाखेची मुलंही तिथे येतात.
आयआयटी दिल्लीतही या विषयात एमएससी आहे.
आयआयटी कानपूरला कॉग्निटिव्ह सायन्सचा स्वतंत्र विभाग आहे. संशोधनावर आधारित एमएस आणि पीएचडी तिथे होते.
हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात न्यूरल अँड कॉग्निटिव्ह सायन्स आहे, मेंदूकडे झुकलेलं.
फक्त भाषाविज्ञानाचा पाया घालायचा असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज. आपल्याला जवळ, मराठी वातावरण, आणि मराठीवर काम केलेल्या अभ्यासकांची मोठी परंपरा.

शेवटच्या पर्यायाकडे 'हे काय, जुनं कॉलेज' म्हणून नाक मुरडू नका. तिथून एमए करून, सोबत प्रोग्रॅमिंग शिकून भाषा-तंत्रज्ञानात उतरता येतं. भाषाविज्ञान पक्कं असलेला माणूस संगणकवाल्यांच्या टोळक्यात उठून दिसतो.

३. पीयूसीला काय घ्याल, डिग्रीला काय घ्याल

अकरावीत असाल तर गणित सोडू नका. बस्स. पीसीएमसी घेतलंत तर हैदराबादचं दार उघडं राहतं, पीसीएमबी घेतलंत तरी राहतं. कॉमर्सवाल्यांनी संख्याशास्त्र असलेला सेबा गट मिळतो का ते बघावं. पुढच्या अभ्यासात संख्याशास्त्राइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही. कला शाखेत मानसशास्त्र असलेला गट सगळ्या कॉलेजांत नसतो, तेव्हा प्रवेशाआधी चौकशी करा. भाषा म्हणून मराठी ठेवता येते, ठेवा.

निपाणी, संकेश्वर भागातली मुलं अकरावी-बारावीला कोल्हापूर किंवा गडहिंग्लजला जातात. त्याला हरकत नाही, पण दोन परिणाम माहीत असू द्या. जेईईत 'पात्रतेचं राज्य' बारावी जिथून केली ते धरलं जातं, म्हणजे तुम्ही महाराष्ट्राचे. आणि पुढे कर्नाटकच्या सीईटीतून कॉलेज हवं असेल तर साधारणपणे पहिली ते बारावीतली सात वर्षं कर्नाटकात शिकल्याचा दाखला लागतो. तो शाळेकडून आत्ताच घेऊन ठेवा. दहा वर्षांनी मुख्याध्यापक बदललेले असतात आणि रजिस्टर सापडत नाही.

डिग्रीला बेळगावातच राहायचं असेल तर मानसशास्त्र, इंग्रजी, संख्याशास्त्र, कॉम्प्युटर यांतले दोन तरी विषय एकत्र जमवा. कर्नाटकाने २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली आहे. वरच्या एमएससींना तीन वर्षांची पदवी चालते, घाबरू नका.

आता एक गोष्ट, जी मला कुणी वेळेत सांगितली असती तर बरं झालं असतं. आयआयटी मद्रास २०२० पासून डेटा सायन्समधली बीएस पदवी ऑनलाइन देतं. बारावी झालेला कुणीही, कोणत्याही शाखेचा, चार आठवड्यांचा पात्रता टप्पा पार करून ती सुरू करू शकतो. दहावीला गणित आणि इंग्रजी असावं लागतं. एप्रिल २०२२ पासून यूजीसीने एका वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे. म्हणजे सकाळी बेळगावात बीए सायकॉलॉजी आणि संध्याकाळी घरून पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, संख्याशास्त्र आणि गणित. जमलं नाही तर पहिला, फाउंडेशनचा टप्पा पूर्ण करून थांबा. तेवढ्यानंही मुलाखतीत फरक पडतो. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात, आणि उत्पन्न आणि प्रवर्गानुसार फीत सवलत असते.

४. गणिताची भीती, आणि हाताशी ठेवायची साधनं

आपल्यातली बरीच मुलं कला शाखेतून येतात आणि पहिल्याच सेमिस्टरला संख्याशास्त्रात गळपटतात. विषय अवघड असतो असं नाही, दहावीनंतर त्यांनी आकड्यांकडे बघितलेलंच नसतं. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं फुकट उतरवता येतात. त्यातली संच, संभाव्यता, मॅट्रिक्स आणि संख्याशास्त्राची प्रकरणं उदाहरणं सोडवत करा. बाकीची सोडा.

लॅपटॉप लागतोच. जुना चालतो, पण आठ जीबी रॅम बघा. तोवर मोबाइलच्या ब्राउझरवर गूगल कोलॅबमध्ये पायथन लिहिता येतं. बोटं दुखतात, पण येतं. त्यावर ही फुकट साधनं घाला: आवाजाचं विश्लेषण करायला प्राट, मानसशास्त्रीय प्रयोग बांधायला सायकोपाय, रेकॉर्डिंगवर टिपणं करायला एलान, आकडेमोडीला आर. एनपीटेलवर संज्ञान मानसशास्त्राची आणि भाषाविज्ञानाची व्याख्यानं आहेत. आयआयटीच्या प्राध्यापकांची इंग्रजी ऐकायची सवय होते, हा त्यांचा दुसरा फायदा.

अकरावी-बारावीत असाल तर पाणिनी लिंग्विस्टिक्स ऑलिंपियाड या शाळकरी मुलांच्या भाषाविज्ञान स्पर्धेच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा. अनोळखी भाषेतली दहा-बारा वाक्यं आणि त्यांचे अर्थ दिलेले असतात, त्यावरून व्याकरण हुडकायचं. पाठांतराला तिथे जागाच नाही. या विषयाची तुम्हाला खरंच आवड आहे की नाही, ते एका रविवारी कळतं. भाषाविज्ञानाचं २०१६चं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड म्हैसूरला झालं होतं.

५. आपल्याच गल्लीत एक छोटा प्रयोग करा

अर्जातला सगळ्यात वजनदार भाग हाच, आणि त्यासाठी बेळगावसारखी जागा नाही.

सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी केलेलं काम १९७१ साली प्रसिद्ध झालं. गावात कन्नड, मराठी, उर्दू आणि थोडी तेलुगू बोलणारी घरं पिढ्यानपिढ्या शेजारी. त्यांना असं दिसलं की प्रत्येक घराने आपले शब्द राखले, पण वाक्याची घडण इतकी एकसारखी झाली की एका भाषेतलं वाक्य शब्दामागून शब्द ठेवत दुसरीत नेता येतं. जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत आपल्या पट्ट्यातल्या या गावाचं उदाहरण शिकवतात, आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

स्वतः तपासून बघा. कन्नडमध्ये 'बर्तीनि अंत हेळिद', आपल्याकडे 'येतो म्हणून सांगितलं'. 'अंत'च्या जागी 'म्हणून' ठेवा, वाक्याची चाल तीच. 'सांगितलं की येतो' ही दुसरी चालही मराठीत आहे. मग तुमच्या आजी कुठली वापरतात? पुण्यात राहून आलेला भाऊ कुठली? खानापूरकडचे, घरात कोकणी बोलणारे काय म्हणतात? 'बस आला' की 'बस आली', हेही टिपा. दहा माणसांशी अर्धा-अर्धा तास गप्पा रेकॉर्ड करा आणि मोजा. ठरवून विचारलेल्या प्रश्नाला माणसं शाळेतली मराठी बोलतात, तेव्हा लग्न, शेती, एसटीचा प्रवास असले विषय काढा आणि पहिली पाच मिनिटं मोजणीतून वगळा.

प्रयोगच करायचा असेल तर स्ट्रूप या मानसशास्त्रज्ञाचा करा. १९३५चा आहे, तरी अजून ताजा. 'लाल' हा शब्द निळ्या रंगात छापायचा आणि समोरच्याला शाईचा रंग सांगायला लावायचा. वाचता येणारा माणूस अडखळतो, कारण वाचणं थांबवता येत नाही. आपल्याकडे याची दुहेरी आवृत्ती करता येते. काही शब्द देवनागरीत लाल, निळा, हिरवा, पिवळा. काही कन्नड लिपीत केंपु, नीलि, हसिरु, हळदि. उत्तर एकदा मराठीत घ्या, एकदा कन्नडमध्ये. शब्द आणि उत्तर एकाच भाषेत असतील तर अडखळणं सहसा जास्त होतं, असं द्विभाषिकांवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. मराठी माध्यमातून आलेली आणि कन्नड माध्यमातून आलेली मुलं यांत फरक पडतो का, हा तुमचा प्रश्न होऊ शकतो.

करताना घ्यायची काळजी:

शब्द पडद्यावर येताना बारीकसा 'टिक' आवाज होऊ द्या. मग रेकॉर्डिंग प्राटमध्ये उघडलं की टिकपासून उत्तराच्या पहिल्या आवाजापर्यंतचा वेळ मिलिसेकंदांत मोजता येतो. मोबाइलवर अंदाजाने स्टॉपवॉच दाबून काढलेले आकडे कुणी मानत नाही.
निम्म्या मुलांना आधी मराठी फेरी द्या, निम्म्यांना आधी कन्नड. नाहीतर दुसऱ्या फेरीत हात बसल्याचा परिणाम भाषेचा वाटतो.
रंगांधळेपण विचारून घ्या.
प्रत्येकाची लेखी संमती घ्या, अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची. नाव नको, क्रमांक द्या.
सरासरीबरोबर मध्यकही (आकडे क्रमाने लावल्यावर मधला येतो तो) काढा. एखाद्याला मध्येच फोन आला की एकच आकडा सगळी सरासरी ओढून नेतो.

संमतीबद्दल एक खास आपल्याकडची सूचना. रेकॉर्डर काढून भाषेचे प्रश्न विचारणारा पाहिला की सीमाभागात लोक दचकतात. 'कुणाकडनं आलाय? समितीचा की संघटनेचा?' असं विचारतील, म्हणजे मराठी एकीकरण समितीचा की कन्नड संघटनेचा. कॉलेजच्या प्राध्यापकांची सही असलेलं पत्र जवळ ठेवा, मराठी आणि कन्नड दोन्हीत. आणि कुणाची भाषा शुद्ध, कुणाची बिघडलेली, हा शब्दप्रयोग तुमच्या तोंडी येऊ देऊ नका. या विषयात तो चालतच नाही.

निकाल 'काहीच फरक नाही' असा आला तरी लिहा. चार पानांचा अहवाल पुरे.

६. परीक्षा

हैदराबाद ट्रिपल आयटीच्या यूजीईईत दोन भाग असतात, विषयज्ञानाचा आणि संशोधनाच्या कलाचा. त्यानंतर मुलाखत. दुसऱ्या भागासाठी क्लास लावून उपयोग नाही; तर्काची कोडी आणि ऑलिंपियाडचे प्रश्न हीच तयारी.

पदव्युत्तरसाठी संज्ञान विज्ञानाची कॉगजेट नावाची सामायिक परीक्षा आहे. कोणती संस्था तिचे गुण धरते आणि कोणती स्वतःची लेखी परीक्षा घेते, ते ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीच्या पत्रकातच बघा. मागच्या वर्षीच्या मुलांच्या सांगण्यावर जाऊ नका. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठाचे बहुतेक पदव्युत्तर प्रवेश सीयूईटी-पीजी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक परीक्षेवर होतात. तिचे फॉर्म हिवाळ्यात निघतात आणि परीक्षा मार्चच्या सुमारास असते, म्हणजे तुमच्या शेवटच्या सेमिस्टरच्या ऐन मध्यात. पदवीपूर्व सीयूईटी मराठीत देता येते. पदव्युत्तरला ती सोय धरून चालू नका.

गेट या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या देशपातळीवरच्या परीक्षेत २०२१ पासून मानव्यविद्यांचा पेपर आहे, त्यात भाषाविज्ञान आणि मानसशास्त्र दोन्ही पर्याय आहेत. फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, परीक्षा फेब्रुवारीत. गणपती आले की गेटचा फॉर्म, असं डोक्यात पक्कं करा.

७. कागदपत्रं: इथेच सीमाभागातली मुलं अडकतात

गुणांवरून नापास झालेल्यांपेक्षा कागदावरून मागे राहिलेली मुलं मला जास्त माहीत आहेत. फाइल आत्ताच उघडा. दहावीचं आणि पीयूसीचं मार्क्स कार्ड, पदवीची सगळी मार्क्स कार्डं, टीसी, मायग्रेशन सर्टिफिकेट, आधार, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, फोटो, बँक पासबुक. आता यातले खड्डे.

नाव. आपल्याकडे एका कागदावर आडनाव आधी असतं, दुसऱ्यावर वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर, आणि आधारवर इंग्रजी स्पेलिंग तिसरंच, कारण ते कन्नडवरून उतरवलेलं असतं. दहावीच्या मार्क्स कार्डावरचं नाव खरं धरा आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवून घ्या. आधार दुरुस्ती सोपी आहे, मार्क्स कार्डाची नाही. जिल्ह्याचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला इंग्रजीत बेलगामचं बेळगावी झालं. जुन्या कागदावर जुनं नाव असलं तरी तो कागद बाद होत नाही. ऑनलाइन फॉर्ममध्ये मात्र आजचं नाव निवडा.

जातीचा दाखला. हा सगळ्यात खोल खड्डा. कर्नाटकातले प्रवर्ग १, २अ, २ब, ३अ, ३ब हे राज्याचे. मराठा समाज इथे ३ब मध्ये आहे. पण आयआयटी आणि केंद्रीय विद्यापीठं केंद्राची ओबीसी यादी धरतात, आणि ती वेगळी असते. तुमची जात केंद्राच्या यादीत कर्नाटकाच्या नावाखाली आहे का, ते राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर आधी बघा. असेल तर केंद्राच्या नमुन्यातला, इंग्रजीतला नॉन-क्रीमी लेयर दाखला लागतो. नाडकचेरीतून मिळालेला नेहमीचा कन्नड दाखला तिथे चालत नाही. नसेल तर आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला मिळतो का, ते तहसीलदार कचेरीत विचारा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि शेतजमीन पाच एकरांपेक्षा कमी हवी. उसाच्या पट्ट्यात ही जमिनीचीच अट आडवी येते. वाटणी झालेली नसेल आणि उतारा आजोबांच्या नावावर असेल, तर जमीन कुणाची किती धरणार, हे आधी विचारून घ्या. हा दाखला चालू आर्थिक वर्षाचा लागतो, म्हणजे गेल्या वर्षीचा जपून ठेवून भागत नाही.

३७१ (जे), म्हणजे हैदराबाद-कर्नाटक भागासाठीची राज्यघटनेतली खास तरतूद. फॉर्म भरून देणारे एजंट 'हैदराबाद-कर्नाटक कोट्यातून करून देतो' म्हणतात. बेळगाव जिल्हा त्यात येत नाही. बिदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, कोप्पळ, बळ्ळारी आणि विजयनगर, एवढेच. त्या नावाखाली कुणाला पैसे देऊ नका.

सीमाभागाचा दाखला. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत, विद्यापीठांत जायचं असेल तर महाराष्ट्र सरकारने आपली म्हटलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना काही प्रवेशांत वेगळी सोय आहे. त्यासाठी गाव सीमाभागात असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन दाखले ठरलेल्या नमुन्यात लागतात. गाव यादीत आहे का ते आधी बघा, तालुका बघून समजूत करून घेऊ नका. आयआयटी किंवा केंद्रीय विद्यापीठाच्या फॉर्ममध्ये या दाखल्याला काही अर्थ नाही. तिथे तुम्ही कर्नाटकचे रहिवासी, तेवढंच लिहा. वादाचं काय ते आपण गावात बोलू.

निकाल. पदवीचा शेवटचा निकाल लांबला तर बहुतेक संस्था तात्पुरता प्रवेश देतात, पण ठरावीक तारखेपर्यंत प्रोव्हिजनल सर्टिफिकेट मागतात. ती तारीख ऑफर लेटरच्या तळाशी बारीक अक्षरांत असते. निकाल लागला त्याच आठवड्यात मायग्रेशनचा अर्ज टाका.

८. पैसे

केंद्रीय विद्यापीठांची फी झेपण्यासारखी असते. आयआयटीचं एमएससी मध्यम. हैदराबाद ट्रिपल आयटी वर्षाला लाखांत जाते, तेव्हा घरी आधीच बोला. कानपूरसारख्या संशोधन-एमएसला सहसा दरमहा विद्यावेतन असतं, हे वडिलांना सांगायला विसरू नका. 'अजून दोन वर्षं शिकणार?' या प्रश्नाचा सूर तेवढ्याने बदलतो. शिष्यवृत्तीसाठी कर्नाटकाचं एसएसपी आणि केंद्राचं एनएसपी अशी दोन पोर्टलं आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारणाशिवाय कर्ज मिळतं, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे. तालुक्याच्या शाखेत साहेबांना ही योजना माहीत नसेल तर पोर्टलवरून अर्ज करून त्याची प्रत घेऊन जा.

९. मुलाखत

समोर चार-पाच जण असतात, वेगवेगळ्या विषयांचे. मानसशास्त्रवाला भाषेबद्दल विचारतो, संगणकवाला मनाबद्दल. पाठ केलेल्या व्याख्या कुणाला नको असतात. 'हे तुम्ही कसं तपासाल?' हा प्रश्न फिरून फिरून येतो. दोन गोष्टी एकत्र घडतात म्हणून एकीमुळे दुसरी घडते असं म्हणता येतं का, हाही येतो. पाचव्या भागातला प्रयोग केलेला असेल तर अर्धी मुलाखत त्याच्यावरच जाते, आणि त्या विषयात खोलीतल्या कुणापेक्षाही तुम्हाला जास्त माहीत असतं.

इंग्रजी अडखळलं तर अडखळू द्या. वाक्य छोटं ठेवा. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा, त्याचे गुण जात नाहीत. माहीत नसलेल्या गोष्टीवर गोल-गोल बोललात, तर जातात.

उद्देशपत्र लिहिताना 'लहानपणापासून मला मानवी मनाचं कुतूहल होतं' हे वाक्य काढून टाका. शंभरातल्या नव्वद पत्रांची सुरुवात तीच असते. त्या जागी 'माझ्या घरात तीन भाषा बोलतात आणि मला या एका गोष्टीचं उत्तर हवंय' असं लिहा, आणि मग ती गोष्ट नेमकी लिहा.

१०. पहिलं सेमिस्टर

पहिल्या महिन्यात सगळ्यांनाच आपण सोडून बाकीचे हुशार वाटतात. इंजिनिअरला तत्त्वज्ञान झेपत नाही, तुम्हाला पायथन. एका इंजिनिअरशी जोडी जमवा: तुम्ही त्याला स्वन (उच्चारातला ध्वनी) आणि रूप (शब्दाचा अर्थ असलेला तुकडा) समजावून द्या, त्याने तुम्हाला कोड. संशोधन-लेख पहिल्या ओळीपासून वाचत बसू नका. आधी सारांश, मग आकृत्या, मग निष्कर्ष, आणि शेवटी, गरज पडली तरच, पद्धत.

प्रबंधाचा विषय लवकर ठरवा आणि शक्य असेल तर मराठीवर घ्या. संगणकासाठी व्याकरणाच्या खुणा केलेला मराठी मजकूर अजून फार थोडा आहे. युनिव्हर्सल डिपेंडन्सीज या जागतिक संग्रहातला मराठीचा भाग जेमतेम काहीशे वाक्यांचा आहे. सीमाभागातली बोली तर त्यात नाहीच. दिवाळीच्या सुट्टीत घरी याल तेव्हा रेकॉर्डर घेऊन या. त्याआधी संस्थेच्या एथिक्स कमिटीकडे अर्ज टाकलेला हवा, कारण मंजुरी नसताना गोळा केलेली माहिती प्रबंधात वापरता येत नाही, आणि ती मंजुरी यायला आठवडे जातात.